कॅमेरा फिरवला की किनार कुरतडली जाते: स्टेन्सिल टेस्टचं दरवर्षीचं दुखणं

फेब्रुवारी उजाडला की शेवटच्या वर्षाच्या मुलांची प्रोजेक्टची घाई सुरू होते, आणि रविवारी सकाळी जळगावला माझ्याकडे कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतंच. यंदा तिघं आले. दोघं यावल तालुक्यातले, एक शिंदखेड्याकडचा. त्यांचा प्रोजेक्ट मला मनापासून आवडला: केळीच्या बागेचा थ्रीडी नकाशा. शेतकऱ्यानं बागेत फिरून सीएमव्ही (केळीवरचा कुकुंबर मोझॅक हा विषाणूरोग) आलेली झाडं मोबाइलवर नोंदवायची, आणि नंतर उपटायला जाणाऱ्या मजुरांना स्क्रीनवर नेमकी तीच झाडं लाल किनारीत दिसली पाहिजेत. रोगट झाड वेळेत उपटून नष्ट केलं नाही तर मावा तो रोग शेजारच्या झाडावर नेतो. त्यामुळे 'कोणतं झाड' यात चूक चालत नाही.

किनारीसाठी त्यांनी ओपनजीएलची, म्हणजे थ्रीडी चित्र काढायच्या ग्राफिक्स प्रणालीची, स्टेन्सिल टेस्ट वापरली होती. शिंदखेड्याच्या पोरानं तक्रार एका वाक्यात मांडली: "सर, पहिली फ्रेम बराबर येस, मंग बिघडस."

या एका वाक्यावरून निदान होतं. गेल्या वर्षी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हेच होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. फंक्शनची नावं आपण लॅबमध्ये बोलतो तशीच लिहितोय. कोडमध्ये शोधायला अडचण येणार नाही.

ज्यांनी स्टेन्सिल नुकतंच हातात घेतलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठीवर लॉट नंबर टाकताना अक्षरं कापलेला पत्रा गाठीवर धरतात आणि वरून रंग मारतात. पत्रा जिथे कापलेला, तिथेच रंग लागतो. स्टेन्सिल बफर हा तसा पत्रा आहे, पण तो आपणच दर फ्रेमला नव्यानं कापतो. प्रत्येक पिक्सेलमागे एक आकडा, बहुतेक ठिकाणी ८ बिटांचा, म्हणजे ० ते २५५. किनारीची रीत अशी: आधी झाड काढायचं आणि झाड जिथे जिथे उमटलं तिथे बफरमध्ये १ लिहायचं. मग तेच झाड थोडं फुगवून सपाट लाल रंगात काढायचं, पण जिथे १ नाही तिथेच. आतला भाग गाळला जातो, कडेची लाल पट्टी उरते.

तीन ओळींत सगळं ठरतं. 'स्टेन्सिल फंक' तुलना सांगतं. 'स्टेन्सिल ऑप' तुलनेनंतर बफरचं काय करायचं ते सांगतं. 'स्टेन्सिल मास्क' बफरचे कोणते बिट लिहायला मोकळे आहेत ते सांगतं. दुखणं बहुतेक वेळा या तिसऱ्यात असतं.

किनार कुरतडलेली दिसते, आणि फिरवत राहिलं की नाहीशीच होते

मुलांच्या कोडचा क्रम असा होता. फ्रेमच्या सुरुवातीला कलर, डेप्थ (पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर, पुढचं काय आणि झाकलेलं काय ते यावरून ठरतं), स्टेन्सिल तिन्ही क्लिअर, म्हणजे पुसून कोरे. मग मास्क ०, फंक 'ऑलवेज' (तुलना नेहमी पास) करून जमीन, बांध आणि निरोगी झाडं. मग मास्क २५५, फंक 'ऑलवेज, १', ऑप 'कीप, कीप, रिप्लेस' (झाड उमटलं तरच १ लिही) आणि रोगट झाडं. मग मास्क पुन्हा ०, फंक 'नॉट इक्वल, १', डेप्थ टेस्ट बंद, आणि फुगवलेली लाल झाडं. शेवटी डेप्थ टेस्ट सुरू, बफर स्वॅप.

वाचताना यात काही चुकलंय असं वाटत नाही. प्रत्येक पायरी बरोबर आहे. आता एकच पिक्सेल धरा आणि त्याच्यामागे दोन फ्रेम चाला.

पहिली फ्रेम. प्रोग्राम नुकताच सुरू झालाय, मास्क मूळ अवस्थेत आहे, म्हणजे सगळे बिट मोकळे. क्लिअर झालं, पिक्सेलमध्ये ०. रोगट झाड त्यावर उमटलं, १ झाला. लाल पास, म्हणजे फुगवलेली लाल झाडं काढायची फेरी, आला, १ दिसला, पिक्सेल गाळला. बरोबर. फ्रेम संपली तेव्हा मास्क ० वर राहिला.

दुसरी फ्रेम. क्लिअर आलं. पण ओपनजीएलमध्ये क्लिअरसुद्धा मास्क पाळतं. मास्क ०, म्हणजे एकही बिट लिहायला मोकळा नाही, म्हणून स्टेन्सिल पुसलं गेलंच नाही. कोणतीही एरर येत नाही, कारण नियमाप्रमाणे सगळं ठीक चाललंय. कलर पुसला गेला, डेप्थ पुसली गेली, आणि आपला पिक्सेल अजून १ धरून बसलाय. दरम्यान कॅमेरा थोडा फिरला, झाड तिथून सरकलं. आता त्या पिक्सेलवर झाड नाही, तिथे लाल किनार यायला हवी. पण जुना १ तिला अडवतो.

पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये झाडाची नवी छाया (बफरमधला १ चा ठसा) जुन्या छायांवर चढत जाते. किनार आधी एका बाजूनं कुरतडल्यासारखी दिसते, मग तुटक होते, आणि झाडाभोवती एक पूर्ण फेरा मारला की जवळजवळ सगळी गायब. कॅमेरा हलवला नाही तर मात्र काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण जुने १ आणि नवे १ एकाच जागी पडतात. मुलं स्थिर कॅमेऱ्यावर तपासतात, सगळं छान दिसतं, आणि परीक्षकांनी माउस ओढला की बिंग फुटतं. स्टेन्सिलचं कोणतंही काम तपासताना कॅमेरा एका पूर्ण वर्तुळात फिरवूनच तपासा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तातडीचा उपाय एका ओळीचा:

स्टेन्सिल मास्क (२५५);
क्लिअर (कलर | डेप्थ | स्टेन्सिल);

क्लिअरच्या लगेच आधी मास्क मोकळा करायचा. फ्रेमच्या शेवटी केला तरी चालतं, पण मी क्लिअरच्या आधीच करायला सांगतो. मध्ये एखादी यूआय लायब्ररी किंवा दुसऱ्या कुणाचं कोड मास्क बदलून गेलं असलं तरी ही ओळ वाचवते.

कायमचा उपाय वेगळा आहे. या कामाला मास्क ० करायची गरजच नव्हती. जमीन आणि निरोगी झाडं काढताना स्टेन्सिल टेस्ट सरळ बंद ठेवा. टेस्ट बंद असताना ड्रॉ कॉल स्टेन्सिल बफरला हात लावत नाही. लाल पासमध्ये ऑप 'कीप, कीप, कीप' द्या, म्हणजे तुलना होते आणि लिहिणं काहीच होत नाही. मास्कला हात लागला नाही तर क्लिअर अडायचा प्रश्न येत नाही. मास्क खरा कामाला येतो तो बिट वाटून घ्यायचे असतील तेव्हा: खालचे काही बिट निवडीसाठी, वरचा एखादा दुसऱ्या कामासाठी. निव्वळ 'लिहू नको' सांगायला तो वापरला की असा घात होतो.

यात दोन जवळचे भाऊबंद आहेत. क्लिअरला स्टेन्सिलचा बिट द्यायचाच राहिला तर लक्षण हुबेहूब हेच. ते आधी बघून घ्या, दहा सेकंदांचं काम आहे. दुसरा भाऊ सिझर टेस्ट, म्हणजे ठरावीक चौकोनाबाहेर काही काढू न देणारी. बाजूला झाडांच्या यादीचं पॅनल काढताना सिझर लावला आणि सुरूच राहिला, तर क्लिअर तेवढ्याच चौकोनात होतं. पण मग कलरही पुसला जात नाही, पडद्यावर सगळाच चिखल होतो, म्हणून तो लगेच ओळखू येतो. चित्र स्वच्छ आणि फक्त किनार खराब असेल तर संशय मास्कवरच घ्या. हाच नियम डेप्थ मास्कलाही लागू आहे: पारदर्शक गोष्टी काढताना डेप्थ मास्क बंद केला आणि तसाच राहिला तर पुढच्या फ्रेमला डेप्थ पुसली जात नाही.

व्हल्कन किंवा मेटल या दुसऱ्या ग्राफिक्स प्रणालींवरून आलेल्यांना हे नवल वाटतं. तिथे रेंडर पासच्या सुरुवातीचं क्लिअर मास्ककडे बघत नाही. डायरेक्टथ्रीडी ११ मध्येही क्लिअर मास्कला जुमानत नाही. म्हणून तिथलं चालतं कोड ओपनजीएलमध्ये आणलं की हे दुखणं अचानक उपटतं.

झाड सगळंच लाल होतं

मुलांनी मास्क दुरुस्त केला, लॅपटॉपवर गोल फेरा मारला, किनार टिकली. तिघांचे चेहरे उजळले. मग मोबाइलवर टाकलं, आणि रोगट झाडं खोडापासून शेंड्यापर्यंत लाल रंगानं माखलेली.

हे लक्षण वेगळं आणि कारणही वेगळं. स्टेन्सिल बफर अस्तित्वातच नसेल तर टेस्ट नेहमी पास होते. 'नॉट इक्वल' असो नाहीतर 'नेव्हर', काही फरक पडत नाही. लाल पासमध्ये काहीच गाळलं जात नाही, डेप्थ टेस्टही बंद, म्हणून फुगवलेलं अख्खं झाड वर येऊन बसतं. इथेही एरर नाही.

लॅपटॉपवर चाललं कारण तिथे जीएलएफडब्ल्यू (ओपनजीएलसाठी विंडो उघडून देणारी लायब्ररी) होतं, आणि ते न सांगता ८ बिट स्टेन्सिल मागतं. अँड्रॉइडचं जीएल सर्फेस व्ह्यू स्वतःहून मागत नाही. 'सेट ईजीएल कॉन्फिग चूजर'मध्ये सहा आकडे द्यायचे असतात आणि शेवटचा स्टेन्सिलचा, तिथे ८ लिहा. एसडीएल या तशाच लायब्ररीमध्येही स्टेन्सिल साइज आपणच सांगायचा असतो. ब्राउझरमधल्या वेबजीएलमध्ये कॉन्टेक्स्ट घेताना 'स्टेन्सिल: ट्रू' द्यावं लागतं, नाहीतर मिळत नाही. वेबजीएलवरची थ्री-जेएस लायब्ररी वापरणाऱ्यांनी विशेष जपा: आधी त्याचा रेंडरर आपणहून स्टेन्सिल मागायचा, आवृत्ती १६३ पासून ते मूळ मूल्य बंद आहे. जुना प्रोजेक्ट नव्या आवृत्तीवर नेला आणि किनारी बिघडल्या तर आधी हेच बघा.

याच लक्षणाची आणखी एक वाट आहे. सगळं चालू असतं, मग कुणीतरी ब्लरसारखा इफेक्ट घालण्यासाठी आपला फ्रेमबफर (थेट पडद्याऐवजी चित्र काढायची जागा) बनवतो. त्याला कलर टेक्स्चर जोडतो, डेप्थचा रेंडरबफर जोडतो, स्टेटस विचारतो, उत्तर येतं 'कम्प्लीट'. उत्तर खरं आहे, स्टेन्सिलशिवायही फ्रेमबफर पूर्णच धरतात. रेंडरबफरचा फॉरमॅट 'डेप्थ २४ स्टेन्सिल ८' करा आणि 'डेप्थ स्टेन्सिल अटॅचमेंट'वर जोडा. दोन्ही मिळून पिक्सेलमागे ३२ बिट.

बफर आहे की नाही हे अंदाजानं ठरवू नका, विचारा. वेबजीएलमध्ये 'गेट पॅरामीटर'ला 'स्टेन्सिल बिट्स' विचारलं की आकडा मिळतो. डेस्कटॉपच्या कोअर प्रोफाइलमध्ये (जुन्या सोयी वगळलेल्या ओपनजीएलमध्ये) तो प्रश्न काढून टाकलाय. तिथे 'गेट फ्रेमबफर अटॅचमेंट पॅरामीटर' वापरून स्टेन्सिल साइज विचारायचा. मूळ विंडोसाठी अटॅचमेंटचं नाव 'स्टेन्सिल', स्वतःच्या फ्रेमबफरसाठी 'स्टेन्सिल अटॅचमेंट'. ही नावं उलटी दिली तर एरर येते आणि मुलं समजतात बफर नाही. उत्तर ० आलं तर पुढचं काही तपासू नका, आधी बफर मिळवा.

पानाच्या जागी चौकोन

केळीचं पान मॉडेलमध्ये कापून बसवत कुणी नाही. एक चौकोनी पट्टी घेतात आणि तिच्यावर पानाचं चित्र चिकटवतात, आजूबाजूला पारदर्शक. या मुलांनी तर खऱ्या बागेतल्या पानांचे फोटो काढले होते, वाऱ्यानं फाटून चिंध्या झालेली पानं, मधल्या दांड्यापर्यंत चिरलेली. ब्लेंडिंगमुळे (पारदर्शकतेप्रमाणे रंग मिसळण्यामुळे) पडद्यावर ती सुरेख दिसत होती. किनार मात्र पानाला न लागता हवेत तरंगणाऱ्या चौकोनाला.

ब्लेंडिंग फक्त रंगाचं काम करतं. पारदर्शक पिक्सेलचा अल्फा (अपारदर्शकतेचा आकडा) ० असला तरी तो पिक्सेल काढला गेलाच, डोळ्याला दिसला नाही एवढंच. त्यामुळे स्टेन्सिलमध्ये १ लिहिला जातो, चिरांमध्येसुद्धा. फ्रॅगमेंट शेडरमध्ये (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) अल्फा ०.५ पेक्षा कमी असेल तर 'डिस्कार्ड' करा, म्हणजे तो टाकून द्या. डिस्कार्ड झालेला फ्रॅगमेंट स्टेन्सिलला स्पर्श करत नाही. आणि हेच लाल पासच्या शेडरमध्येही करावं लागतं. तिथे बहुतेक जण विसरतात, कारण तो शेडर 'फक्त लाल रंग देतो' म्हणून टेक्स्चर वाचतच नाही.

त्यांनी दोन्हीकडे डिस्कार्ड लावलं तेव्हा फाटक्या पानाच्या प्रत्येक चिरेत बारीक लाल रेघ उतरली. तो क्षण बघण्यासारखा होता.

फुगवण्याबद्दलही एक सांगतो. यांनी अख्खं मॉडेल १.०५ पटीनं मोठं केलं होतं. झाडाच्या मॉडेलचा उगम बुंध्याशी असतो, त्यामुळे मोठं केलं की झाड वरच्या बाजूला वाढतं. शेंड्याला जाड किनार आणि बुंध्याशी काहीच नाही. खोड आणि घडासाठी प्रत्येक शिरोबिंदू त्याच्या नॉर्मलच्या (पृष्ठभागाला लंब) दिशेनं थोडा बाहेर ढकला, किनार सगळीकडे सारखी येते.

आता उरलेल्या किरकोळ तक्रारी. पुढच्या निरोगी खोडावर मागच्या रोगट झाडाचा लाल ठिगळ दिसतो का? मग ऑपच्या तीन जागांचा अर्थ पुन्हा बघा. पहिली स्टेन्सिल नापास झाल्यावरची, दुसरी स्टेन्सिल पास पण डेप्थ नापास, तिसरी दोन्ही पास. मागच्या झाडाचा झाकलेला भाग डेप्थमध्ये नापास होतो, दुसऱ्या जागी 'कीप' असल्यामुळे तिथे १ लिहिला जात नाही, आणि डेप्थ बंद असलेला लाल पास तेवढा भाग भरून टाकतो. झाकलेल्या झाडाची किनारही आरपार दिसावी असं हवं असेल तर दुसऱ्या जागीही 'रिप्लेस' द्या. नको असेल तर लाल पासमध्ये डेप्थ टेस्ट सुरू ठेवा. या प्रोजेक्टला मी पहिलं सुचवलं. मजुराला ओळीच्या पलीकडचं झाडही कळायला हवं.

लागून असलेल्या दोन रोगट झाडांमध्ये किनार येत नाही, ही तक्रार वेगळी. दोघांचा आकडा १ असल्यामुळे दोघांची मिळून एकच छाया होते. प्रत्येकाला वेगळा आकडा द्या आणि त्याच्या लाल पासमध्ये त्याच आकड्याशी तुलना करा. मात्र इथे एक खड्डा आहे, आणि यावलच्या मुलानं तो स्वतः शोधून दाखवला. त्यानं झाडाचा बागेतला क्रमांकच आकडा म्हणून दिला होता. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या हेक्टरभर बागेत ४,४४४ झाडं बसतात, आणि ८ बिटांत मोठ्यात मोठा आकडा २५५. त्यापुढचा कोणताही आकडा दिला तर ओपनजीएल तो २५५ वरच आणून ठेवतं. म्हणजे पहिल्या काही ओळी बिनचूक आणि पुढची अख्खी बाग एकाच छायेची. आकडे फक्त त्या फ्रेममध्ये दिसणाऱ्या रोगट झाडांना १ पासून वाटा. २५५ पेक्षा जास्त झाले तर एक तुकडी संपवून स्टेन्सिल पुसून दुसरी घ्या.

सावल्यांसाठी स्टेन्सिल वापरणाऱ्यांना याच मर्यादेचा वेगळा फटका बसतो. ती पद्धत जुनी आहे: शॅडो व्हॉल्यूमची (सावलीत येणाऱ्या जागेच्या आकाराची) कल्पना फ्रँक क्रो यांनी १९७७ मध्ये मांडली, आणि टिम हाइडमन यांनी १९९१ मध्ये ती स्टेन्सिल बफरवर बसवून दाखवली. तिथे आकडा वाढवत आणि कमी करत जातात. साधं 'इन्क्रिमेंट' २५५ ला थांबतं आणि साधं 'डिक्रिमेंट' ० ला, त्यामुळे कमी करणं आधी आलं तर हिशोब कायमचा चुकतो. 'रॅप' असलेली जोडी (२५५ नंतर ० वर, ० खाली २५५ वर जाणारी) वापरा.

हे सगळं शोधताना बफर डोळ्यांनी दिसला पाहिजे. रेंडरडॉक या फ्रेम तपासायच्या टूलमध्ये फ्रेम पकडून स्टेन्सिल उघडा, पण तिथे नवखे लोक हमखास फसतात. चित्र पूर्ण काळं दिसतं आणि वाटतं काही लिहिलंच गेलं नाही. ० ते २५५ च्या पट्टीवर १ हा आकडा काळ्यापासून ओळखू येत नाही. वरची रेंज ० ते १ करा, झाडं पांढरी शुभ्र उमटतात. मोबाइलवर रेंडरडॉक जोडायला जमत नसेल तर फ्रेमच्या शेवटी, स्वॅपच्या आधी, डेप्थ टेस्ट बंद करून, ऑप तिन्ही 'कीप' ठेवून, फंक 'इक्वल, १' देऊन अख्ख्या पडद्याचा एक पिवळा चौकोन काढा. जिथे पिवळं, तिथे १. कॅमेरा फिरवताना पिवळा डाग झाडाबरोबर सरकला तर पुसणं व्यवस्थित चाललंय. मागे शेपूट सोडत गेला तर क्लिअर अडलेलं आहे. सगळा पडदा पिवळा झाला तर बहुधा बफरच नाही.

त्या रविवारी दुपारी तिघांनी हा पिवळा चौकोन एका बटणावर बसवला आणि प्रोजेक्टमध्ये तसाच ठेवून दिला.